त्या संध्याकाळी ‘येतो’ कोण म्हणाले?

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. दुसऱ्यांच्या टेकूवर उभे राहिलेले नवे सरकार किती काळ तग धरील, या विषयावर कुणा विद्वानाने लांबलचक लेख लिहिला होता. फोन आमच्या मित्राचा, बळीरामचा होता. “वकीलसाहेब, दिगंबरराव गेले,” एवढेच तो म्हणाला आणि मी खुळ्यासारखे विचारले, “कुठे?” आदल्याच दिवशी दिगंबरने मला स्वतः सांगितले होते, की आता निघायला पाहिजे. तो गावाकडे, पाचोडला जायचे म्हणत असावा, असे मी धरून चाललो होतो...

पुढे काही दिवसांनी आमचे मित्र अनंतराव यांचा श्रद्धांजलीपर मजकूर एका दैनिकाच्या पुरवणीत छापून आला. बहुमत हुकल्याच्या धक्क्याने हा निष्ठावंत मतदार खचला आणि त्यातच त्याचा अंत झाला, असे त्यात म्हटले आहे. वाचकांनी तो वाचला असेल आणि हळहळही व्यक्त केली असेल. ते विधान असत्य आहे. माझे आयुष्य दिवाणी न्यायालयात साक्षीदारांची उलटतपासणी घेण्यात गेले. माझ्याच मित्राच्या मृत्यूविषयी खोटी साक्ष छापली जावी आणि मी पुरवणीची घडी घालून गप्प बसावे, हे होणे नाही.

दिगंबर आणि मी दोघेही पाचोडचे. दोघांच्याही घरी जमिनी होत्या आणि दोघेही शिकण्यासाठी शहरात येऊन एकाच खोलीत राहिलो. तो पाटबंधारे खात्यात गेला, मी काळा कोट चढवला. आमच्या पक्षाचे नाव घेतले तरी लोक हसत, त्या काळापासून आम्ही त्या पक्षाचे मतदार. पाचोडच्या आठवडी बाजारात डब्यातली खळ घेऊन आम्ही भिंतींवर पत्रके डकवत फिरायचो. एकदा एका आडत्याने भर बाजारात हटकले, “दिगंबर, तुझ्या पक्षाला खांदा द्यायला चार माणसं तरी हायेत का रं?” दिगंबरने हातातली खळ निथळू दिली आणि म्हणाला, “दोघं तर हावोत. दोघं वाटंत मिळतील.” त्या निवडणुकीत आमच्या उमेदवाराची अनामत रक्कम जप्त झाली, तेव्हा हसणाऱ्या त्याच आडत्याच्या ओट्यावर बसून दिगंबरने सगळ्यांना जिलबी खाऊ घातली. अशी हार पचवलेला माणूस, पक्ष सर्वांत मोठा ठरूनही बहुमताला थोडा कमी पडला म्हणून खचून मरतो? अनंतरावांनी याचे उत्तर द्यावे.

तो जुन्या वळणाचा होता, हे मात्र खरे, आणि त्याचा त्याला अभिमान होता. घरात देव असावा, वडीलधाऱ्यांपुढे आवाज चढू नये, उंबऱ्याच्या आत चप्पल येऊ नये, अशी त्याची जगण्याची घडी होती आणि त्याचे मतही त्याच घडीतून उमटे. शहराचे नाव बदलले तेव्हा नव्या पाटीला हार घालणाऱ्यांत तो पुढे होता. पाचोडहून परतताना एसटीत मात्र “एक औरंगाबाद द्या” म्हणून मोकळा होई. मी चिमटा काढला की म्हणायचा, “वकील, मत माझं नवं हाय. जीभ जुनीच हाय.” रीतीभातींच्या बाबतीत तो फार कडक. घरातून कोणी निघाले की त्याने ‘येतो’ म्हटलेच पाहिजे आणि आतून त्याला ‘या’ असे उत्तर मिळालेच पाहिजे. घाईत कोणी विसरला तर दिगंबर त्याला फाटकापासून परत बोलवायचा. कारण ‘येतो’ न म्हणता उठायचे ते फक्त मयताच्या घरून, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

आता निकालाच्या संध्याकाळकडे येतो. सिडकोतल्या त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही सकाळपासून दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो : दिगंबर, अनंतराव, बळीराम आणि मी. गुलमंडीवरून पेढे आणून ठेवलेले होते. दुपारपर्यंत चर्चा चालली ती फक्त किती फरकाने, याची. मग आकडे एका जागी अडकले आणि हलेनात. वाहिनीवरची माणसे तावातावाने बोलत होती. कोणीतरी आवाज बंद केला, तरी त्यांची तोंडे हलतच राहिली. कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती. दिगंबरच्या पत्नी कमलवहिनी पडद्याआडून बाहेर आल्या आणि त्यांनी साधाच प्रश्न विचारला, “पेढे वाटायचे का ठेवायचे?”

अनंतराव म्हणाले, “सरकार आपलंच येणार, वहिनी. पण...” त्या ‘पण’च्या पुढे कोणी गेले नाही. हार झाली असती तर आम्ही भांडलो असतो, कोणाला तरी दोष दिला असता. विजय झाला असता तर फटाके होतेच. हे जे झाले होते त्याला कसे तोंड द्यावे, हे आम्हा म्हाताऱ्यांना कोणी शिकवले नव्हते. आम्ही माना खाली घालून बसलो. मधूनच कोणीतरी उसासा टाकी, मधूनच कोणी “काय करणार” म्हणे. चहा आला तो अर्धा-अर्धा पिऊन कप खाली ठेवले गेले. आणि दिगंबर? तो एकटा हसत होता, हे मी शपथेवर सांगतो.

“अरे, पोरगं पास झालंय,” तो म्हणाला. “वरचे चार मार्क उसने घेतले म्हणून कुणी त्याचं सुतक पाळतं व्हय? बळीराम, तुझं थोबाड बघून तर गल्लीतली माणसं लाकडं आणायला निघतील.”

कोणीही हसले नाही. दिवेलागणीला आम्ही उठलो. एकामागून एक, दबक्या पावलांनी, कोणाच्या डोळ्याला डोळा न देता. चपला पायात सरकवल्या आणि फाटकाबाहेर पडलो. कोपऱ्यावर आल्यावर बळीराम एकदम थबकला. “वकीलसाहेब... आपण ‘येतो’ म्हणालो का?” अनंतराव त्याच्यावर खेकसले, “चल पुढं. काहीतरी आपलं!” मी वळून पाहिले. दिगंबरचे फाटक सताड उघडे होते, पुढच्या खोलीत दिवा लागलेला नव्हता आणि अंधारात दूरचित्रवाणीचा निळा उजेड भिंतीवर हलत होता. दिगंबरने आम्हाला परत बोलावले नाही. इतक्या वर्षांत असे प्रथमच घडले.

यापुढच्या दिवसांविषयी अनंतराव लिहितात की तो अबोल झाला. तो अबोल नव्हता. तो विलक्षण अदबीने बोलू लागला होता. स्वतःच्या घरात तो खुर्चीच्या कडेशी बसे, पाठ न टेकता. वहिनींना म्हणे, “जरा पाणी मिळंल का? घाई नाय, सावकाश द्या.” त्याच्या चपला दाराशी असत, पण आता त्यांची टोके रस्त्याकडे केलेली असत. सरकार स्थापन झाले, शपथविधी झाला, कोणाला कोणते खाते यावरून रुसवेफुगवे झाले. मी तावातावाने सांगत असे आणि तो परगावच्या बातम्या ऐकाव्यात तसा मान डोलवीत असे. “तुमच्याकडं बरंच काही चाललंय की,” तो एकदा म्हणाला. तुमच्याकडे! मला ही त्याची नवी थट्टा वाटली. मीही तितक्याच अदबीने उत्तरे देत राहिलो.

आमची अखेरची भेट त्याच खोलीत झाली. वर्तमानपत्राची घडी त्याने उलगडलेलीही नव्हती. चहा संपवून त्याने कप दोन्ही हातांनी खाली ठेवला आणि आत पाहून म्हणाला, “चहा झकास झाला व्हता बरं का. लई त्रास दिला तुम्हाला.” वहिनी पडद्याशी येऊन माझ्याकडे बघत राहिल्या. “ऐका, भाऊजी! सारी हयात गेली, कधी चहाला बरं म्हणाले नाहीत. आता पाव्हण्यावाणी बोलाया लागलेत.” आम्ही तिघेही हसलो. मग दिगंबरने खोलीभर नजर फिरवली, देवाच्या कोनाड्यापासून खिडकीपर्यंत, आणि म्हणाला, “चला. आता निघाया पाहिजे.” दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच खुर्चीत तो गेला. डॉक्टर हृदयविकार म्हणाले. डॉक्टरांशी माझा वाद नाही.

तेरावे झाल्यावर वहिनींनी आम्हाला एकेकट्याला बोलावले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : निकालाच्या त्या संध्याकाळी निघताना ‘येतो’ कोण म्हणाले होते? माझी पाळी येण्याआधीच मला उत्तरे समजली होती. अनंतरावांनी सांगितले, “मी म्हणालो होतो. सवयच आहे माझी.” बळीराम म्हणाला, नळाला पाणी आले होते म्हणून तो घाईने निघाला, पण फाटकातून त्याने ओरडून ‘येतो’ म्हटले होते. दोन्ही साक्षी खोट्या. त्या दिवशी आमच्या, म्हणजे बळीरामच्या आणि माझ्या, भागाची पाण्याची पाळीच नव्हती; माझ्या घरची टाकी कोरडी होती आणि मी टँकरवाल्याला फोन करून थकलो होतो. आणि अनंतराव जर ‘येतो’ म्हणाले होते, तर कोपऱ्यावर बळीरामवर खेकसले कशासाठी? मी दोघांनाही तोंडावर विचारले. अनंतराव लाल झाले. “तुला काय मिळतं रे त्या बाईला दुखवून? कोणीतरी म्हणालं होतं एवढं तिला कळलं की तिला झोप लागेल. जिथं तिथं कोर्ट लावतोस!”

मी गेलो तेव्हा वहिनी पुढच्या खोलीतच बसल्या होत्या. त्यांनी प्रश्नामागची गोष्ट मला सांगितली. त्या संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात खाली मान घालून कणीक मळत होत्या. चपलांचे आवाज झाले, फाटक वाजले, सगळे शांत झाले आणि त्यानंतर पुढच्या खोलीतून कोणीतरी स्पष्ट म्हणाले, “येतो.” त्यांनी रीतीप्रमाणे आतूनच उत्तर दिले, “या.” मग हात धुऊन बाहेर आल्या, तर खोलीत एकटा दिगंबर बसलेला.

“ते तुम्हीच व्हता ना, भाऊजी?” त्यांनी विचारले. “तुम्ही मागं राहिला असाल. तुम्ही तेवढं व्हय म्हणा.”

‘हो’ म्हणणे किती सोपे होते! आतल्या खोलीत पंखा फिरत होता, बाहेर भाजीवाला ओरडत गेला. अनंतरावांचा लाल चेहरा मला आठवला. पण या बाईने मला साक्षीला बोलावले होते, दिलाशासाठी नव्हे. आणि दिगंबरच्या घरात मी आजवर खोटे बोललेलो नाही.

“वहिनी, आमच्यापैकी कोणीही ‘येतो’ म्हणाले नाही. मीही नाही.”

त्यांनी पदराचा काठ बोटाला गुंडाळला. “मला वाटलंच व्हतं,” त्या म्हणाल्या. “आवाज लई ओळखीचा व्हता, भाऊजी. म्हणून तर मी मान वर केली नाय.”

मी माझी बाजू मांडली. आमची चूक दिगंबरच्या ध्यानात आली असणार. ती जागच्या जागी भरून काढावी, म्हणून आमच्या वतीने तोच ‘येतो’ म्हणाला असणार. थट्टेने म्हणाला असेल किंवा घरावर मयताचे सावट पडू नये म्हणून. हा खुलासा तर्कशुद्ध आहे आणि कोणत्याही न्यायालयात मी तो टिकवून दाखवीन. वहिनींनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला.

“आसंल तसं,” त्या म्हणाल्या. “पण मी त्यांना ‘या’ म्हणालेय.”

हे सारे त्यांच्या परवानगीने लिहिले आहे. अनंतरावांशी वाद घालायला मी केव्हाही तयार आहे. सरकार अजून उभे आहे आणि रोज संध्याकाळी मी सिडकोत जाऊन त्याच्या बातम्या वहिनींना वाचून दाखवतो. दिवेलागण झाली की त्या दिवा लावतात, पण पुढच्या दाराला कडी घालत नाहीत. दार नुसते लोटून ठेवतात. चोऱ्यांचे दिवस आहेत, हे मी त्यांना एकदा समजावून पाहिले, पुन्हा तो विषय काढला नाही. वारा नसतानाही ते दार कधीकधी बोटभर आत सरकते... मी वाचायचा थांबतो. वहिनी पदर सावरून बसतात. दोघांपैकी कोणीही उठून दार लावीत नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे माझ्या परिचितांना ठाऊक आहे. फक्त माझी खुर्ची मी फिरवून घेतली आहे. त्या दाराकडे पाठ करून मी बसत नाही.