मोठ्या जाऊबाईंचा पेरू

लग्न होऊन कामठ्याला आले त्याच पावसाळ्यात मोठ्या जाऊबाईंनी आणि मी घरामागे पेरूचं एकेक रोप लावलं. घरात लोणच्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळं त्यांनाच जमायचं. निदान माझं झाड तरी त्यांच्यापेक्षा वर जावं, असं मला वाटे. मी रोज तांब्याभर पाणी घालायचे. त्या आठवड्यातून एकदा दोन घागरी ओतायच्या आणि बुडाशी धानाचं तणीस, म्हणजे वाळका पेंढा, पसरायच्या.

पुढे एका वर्षी पाऊस नीट झालाच नाही. विहीर तळाला गेली. आधी त्यांच्या झाडाची पानं गळली आणि मला मनातून फार बरं वाटलं. पण उन्हाळ्यात माझ्या झाडाचे शेंडे वाळत गेले, आणि त्यांच्या उघड्या फांद्यांना पालवी फुटली.

"रोज वरच्यावर पाणी देऊन राहिली तू," त्या म्हणाल्या. "मंग मुळं खाली कायले जातील? माह्या झाडानं पानं गाळून पाणी वाचवलं."

खोडातल्या बारीक नळ्यांमधून वर चढणारी पाण्याची धार तुटली की तिथे हवा शिरते आणि फांदी मरते, हे मी नंतर कधीतरी वाचलं. त्यांनी तेव्हाच विळा आणला आणि माझ्या झाडाचं वाळलेलं सगळं ओल्या लाकडापर्यंत छाटलं. थोड्या दिवसांत खालून धुमारे आले.

"मोठीनं जगवलं," सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला माझं झाड दाखवून सांगत. त्याचे पेरू गोड निघाले. सगळ्यांनी खाल्ले, मी मात्र कितीतरी वर्षं तोंडाला लावले नाहीत.