डोळा तुमचा, उजेड माझा

चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसायचा, टेबलावर डबा ठेवायचा आणि म्हणायचं, "डोळा तुमचा, उजेड माझा!" आमच्या सरांचा गुरुवार असा सुरू व्हायचा.

असा एखादा गोड माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. नव्वदचं दशक नुकतंच सरलं होतं. कळंबजवळच्या सरकारी दवाखान्यात मी सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियासाठी रक्ताच्या थेंबाच्या काचा तपासायचो. सर पुण्याचे संशोधक. त्यांच्या डब्यात लाल पाण्याच्या नळ्या असत. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण आहेत, असं ते सांगत. रक्तात मलेरिया असला की पाणी जांभळं व्हायचं आणि डब्यातला दिवा ते ओळखायचा. डबा बरोबर की चूक, हे माझ्या काचेवरून ठरायचं. "तुम्ही माझे परीक्षक," ते म्हणायचे. मी फुगायचो, खोटं कशाला बोलू?

सोन्याचं ऐकून बाया हसायच्या. "सर, मंगळसूत्रापुरतं राखून ठिवा की!" सरही हसायचे आणि माझ्या जेवणाच्या डब्यातली भाकरी हक्कानं मोडायचे.

लोक बोट पुढं करायचे ते माझ्या शब्दावर. महाळुंगे पडवळच्या कोंडाबाई तर तोंडावर म्हणाल्या, "भाऊ, तुमी म्हन्ता म्हून. न्हाईतर पावण्याला रगत कोन देतंय?"

त्यांच्या रक्तानं पाणी लालच राहिलं. काचेवर मात्र जंतू स्वच्छ दिसत होते. सरांनी स्वतः वाकून पाहिलं. "डबाच चुकला. तुमचा डोळा पक्का." काचेवरून बाईंना गोळ्या मिळाल्या, ताप उतरला. पुढं असं आणखी काही जणांचं झालं.

पावसाळा संपला आणि सर यायचे थांबले. मग तालुक्याच्या बैठकीत त्यांचा अहवाल वाचला गेला. डबा एकदाही चुकला नव्हता. जिथं डबा आणि काच यांचं जुळलं नव्हतं, तिथं लिहिलं होतं, 'तंत्रज्ञाची वाचनातली चूक'. कोंडाबाईही त्यातच. आमचे तालुक्याचे साहेब सगळ्यांसमोर मला म्हणाले, "डोळे तपासून घ्या राव." त्यानंतर वर्षभर माझी प्रत्येक काच फेरतपासणीला गेली. एकही चुकीची निघाली नाही, पण ते कुठल्या बैठकीत वाचलं गेलं नाही.

मला सरांचा राग येतो. दिलेल्या भाकरीचाही येतो.

कोंडाबाईंना मीच सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग भाऊ, मला ताप व्हता का नव्हता?"

ती काच मी जपून ठेवलीय. रंग फिका झालाय, जंतू अजून दिसतात. एखाद्या गुरुवारी ती सूक्ष्मदर्शकाला लावतो. खिडकीतला उजेड पुरतो.