फुकेतच्या धक्क्यावर एक पाय

तुम्हाला लिहिता-वाचता येतं, म्हणून तुमच्या लक्षात काही राहत नाही. सोसायटीच्या जिन्यात उभं राहून मी बोटीच्या सहलीचं सगळं सांगितलं होतं, आणि आठवड्याच्या आत तुमच्यातल्या निम्म्या जणी पुन्हा विचारत आल्या, की आजी, बोटीत सिंगापूरला चढायचं की उतरायचं? मला अक्षर येत नाही, म्हणून मला सगळं आठवतं. आता नात प्राची लिहून घेते आहे. सोसायटीचा हा अंक जपून ठेवा, आणि कुठे ठेवलात ते मला सांगून ठेवा.

आमचं मूळ घर उरणजवळ मोऱ्याला, धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. मालक गेल्यापासून मी तिथे एकटी. मुलगा हरेश बंदराच्या ऑफिसात लागला आणि सून नीला नि प्राचीला घेऊन नेरूळच्या तुमच्या सोसायटीत राहायला आला. सहलीच्या आदल्या पावसात मी न्हाणीत घसरले, तेवढंच निमित्त झालं. हरेशने घराला गिऱ्हाईक बघितलं आणि मला कायमची फ्लॅटमध्ये आणायचं ठरवलं. मी रुसले, तर समजूत काढायला मे महिन्याच्या सहलीत माझंही तिकीट काढलं.

मी जायला तयार झाले, पण एका अटीवर. परदेशातल्या एका तरी बंदरावर मी एकटी उतरणार, फिरणार आणि वेळेत परत येणार. जमलं, तर घर विकायचं नाव काढायचं नाही. हरेश हसत हसत बरं म्हणाला. त्याला वाटलं, म्हातारी विमान बघूनच घाबरेल.

विमान बघून मी घाबरले नाही, त्यातलं जेवण बघून घाबरले. ते असो. सिंगापूरला एक दिवस मुक्काम होता. रस्ते आपल्या ओट्यापेक्षा स्वच्छ. थुंकलात तर दंड, तेव्हा मशेरीवाल्यांनी मन घट्ट करून जावं. आपल्या लोकांच्या वस्तीत केळीच्या पानावर भात आणि सांबार पोटभर मिळतं, तिथेच जेवा, हॉटेलातल्या जेवणात तेवढ्याच पैशांत चौघांपैकी एकाचं पोट भरतं. त्याच गल्लीत मी एक नारळ विकत घेतला. नीलेने कशाला म्हणून विचारलं. मी म्हटलं, लागेल.

बोट म्हणजे आपल्या सोसायटीच्या सगळ्या विंग एकावर एक रचून पाण्यात सोडल्यासारखी. आत एसीचा असा गारठा, की स्वेटर आणि कानटोपी न्यायलाच हवी. जेवण तिकिटात धरलेलं असतं, कोल्ड्रिंकचे पैसे वेगळे, तेव्हा पोरांच्या हातात ग्लास दिसला की आधी विचारा. मासा रोज असतो, पण वाफवलेला, तिखट-मिठाशिवाय, आजाऱ्याला देतात तसा. लसणीची सुकी चटणी बरोबर ठेवा. खोल्यांची दारं सगळी एकसारखी. मी आमच्या दाराच्या मुठीला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली होती. साफसफाईवाल्याने ती कचरा समजून टाकून दिली. मी दुसरी बांधली. त्याने तीही टाकली. तिसरीच्या वेळी तो समोर आला, मी त्याच्याकडे बघितलं, मग राहिली.

आता नारळाचं. आम्ही कोळी. दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी बाहेर काढत नाही, आणि ही एवढी मोठी बोट तशीच निघाली होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी एकटी वर गेले. देवाचं काम, म्हणून कठड्यापाशी चपला काढल्या. अंगावरची शाल सारखी घसरत होती, ती घडी करून चपलांवर ठेवली. नारळ दर्यात सोडला, हात जोडले. तेवढ्यात दिसलं की सूर्य बोटीच्या दुसऱ्या अंगाला उगवतोय. तशीच अनवाणी तिकडे गेले, आणि तिथून चहाचा वास आला तशी खाली जेवणाच्या हॉलमध्ये.

मी बिस्किट चहात बुडवते आहे, तोवर भोंगे सुरू झाले. माणसं पळायला लागली. बोट मंद झाली. शेजारच्या टेबलावरच्या गुजराती काकांनी हिंदीत सांगितलं, की कोणी बाई पाण्यात पडली, एका खलाशाने पाण्यात काहीतरी आदळल्याचा आवाज ऐकला. कोणाची कोण असेल, घरी पोरंबाळं असतील. मी डोळे मिटून त्या बाईसाठी एकवीरा आईला साकडं घातलं.

डोळे उघडले तर समोर नीला उभी. तिच्या हातात माझ्या चपला आणि शाल. मागे हरेश, पांढराफटक. मी त्याला म्हटलं, "बस रे, चा घे. कोन बाई गेली म्हनं."

पुढचं काही सांगण्यासारखं नाही. पांढऱ्या कपड्यातल्या साहेबाने हरेशला बोलावून खूप सुनावलं. बोटीवरून पाण्यात काहीही टाकायचं नसतं, हा तुमच्यासाठी धडा. नारळ द्यायचाच असेल, तर निघण्याआधी आपल्या किनाऱ्यावर द्या. साहेबाने बजावलं, की आईला नजरेआड करू नका, आणि हरेशने ते असं मनावर घेतलं, की पेनांगला मला उतरूच दिलं नाही. नीला माझ्यापाशी थांबायला तयार होती, मीच तिला पाठवलं. तेव्हा पेनांगबद्दल प्राचीने बघितलं ते तीच तिच्या मनाने लिहिते आहे: डोंगरावर रुळांवरून चढणारी गाडी आहे, रांग मोठी, सकाळी जा. सापांचं देऊळ आहे. तीनचाकी सायकलरिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा. मी पेनांग कठड्यावरून बघितलं. छपरं आणि झाडं. तशी उरणलाही आहेत.

ती तिघं हसत, उन्हाने लाल होऊन परत आली. संध्याकाळी जेवताना हरेश नीलेला म्हणाला, की आता तूच बघ, हिला मोऱ्याला एकटीला कसं ठेवायचं. मी समोर बसलेली, आणि तो माझ्याबद्दल कपाटाबद्दल बोलावं तसं बोलत होता. मी घास खाली ठेवला.

"हरेश, पेनांग गेला. फुकेतला मी उतरनार. एकटी."

"आये, टेन्शन देऊ नको. हरवलीस म्हंजे?"

"हरवली तर वीक घर. मी नाय बोलनार परत."

नीला कमी बोलणारी पोरगी, पण तेव्हा तिने सांगितलं, "जाऊ द्या त्यांना. तुम्ही शब्द दिलाय." हरेशने मान हलवली, नाराजीनेच.

फुकेतला बोट धक्क्याला लागत नाही. लांब नांगर टाकते आणि छोट्या लाँचने किनाऱ्यावर नेतात. लाँचमध्ये आमचे सहप्रवासी देवाचा धावा करत होते, मला मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला निघाल्यासारखं वाटलं. उतरल्यावर नीलेने जागा दाखवली: निळ्या छपराचं चहाचं दुकान, त्याच्यासमोर शेवटची लाँच, सूर्य त्या टेकडीकडे कलला की यायचं. मग ती तिघं गाडी करून डोंगरावरचं देऊळ बघायला गेली. हरेश वळून वळून बघत होता.

मी नाकाच्या मागे गेले. मासळीबाजार शोधायला अक्षर लागत नाही. एका बाईच्या पाटीतल्या सुरमईचा कल्ला उचलून बघितला आणि तोंड वाकडं केलं. ती तिच्या भाषेत भांडायला उठली, मी माझ्या भाषेत भांडले, आणि शेवटी दोघी हसायला लागलो. तिने मला बसायला पाट दिला. ती गिऱ्हाईक करत होती, मी माशा वारत होते. दुपारी तिने पानात चिकट भात, त्यावर आंबा आणि नारळाचं दूध असं दिलं. आंब्याबरोबर भात म्हणजे मला आधी खूळच वाटलं. तुम्ही जाल तर नक्की खा.

ऊन कलायच्या आधीच मी निळ्या छपराखाली हजर. माझी माणसं मात्र नाहीत. लाँच भरली. गुजराती काकांनी हाक मारली, की माताजी, ही शेवटची, बोट थांबणार नाही. रस्त्यावर गाड्यांची ही रांग लागलेली, हरेशचा पत्ता नाही. खलाशी दोर सोडायला वाकला.

मोऱ्याला लाँच सुटताना कोणाची पाटी मागे राहिली, की आमच्यातली एक बाई एक पाय धक्क्यावर आणि एक लाँचच्या काठावर ठेवून उभी राहते. तिला ढकलता येत नाही आणि ती उभी असताना लाँच काढता येत नाही. शिव्या खायच्या, हलायचं नाही. मी काष्टा खोचला आणि तशी उभी राहिले.

खलाशी आधी हात जोडून बोलला, मग चढ्या आवाजात. आतल्या बायका ओरडल्या. लाट आली की दोन पायांतलं अंतर वाढायचं, मांडीत कळ यायची. मी खांब धरून तेवढंच म्हणत राहिले, "माजी मानसं यायची हायत."

ती आली, रस्त्यातच गाडी सोडून पळत. प्राची पुढे, नीला मागे, हरेश सगळ्यात मागे, धापा टाकत. तिघं माझ्या समोरून लाँचमध्ये चढली, मग मी दुसरा पाय उचलला. अख्ख्या लाँचने आमच्याकडे डोळे वटारून बघितलं. हरेश माझ्या शेजारी बसला. बोट जवळ आली तसा पाण्याकडे बघत म्हणाला, "आये, मोऱ्याच्या घराची कौलं पावसाच्या आधी परतून घ्यायला पायजेत."

"घे की," मी म्हटलं.

घेतली. हे मी मोऱ्याच्या ओटीवर बसूनच सांगते आहे, प्राची रविवारची आली आहे. न्हाणीत हरेशने धरायला दांडी बसवली आहे, ती मी पंचा वाळवायला वापरते. सहलीतलं काय राहिलं म्हणाल, तर मांडी पावसात अजून दुखते, आणि आंब्याच्या दिवसांत भात शिजवताना ती फुकेतची बाई आठवते. तिचं नावही मला माहीत नाही. दर्या काही वेगळा वाटला नाही.

एक शेवटचं. म्हातारी एकटी राहते, म्हणून तुम्ही नीलेबरोबर डबे पाठवता. डाळ-भात पाठवू नका, माझी चूल पेटते आणि तुमची डाळ गोड असते. मासे तर पाठवूच नका. जासईच्या रस्त्यावर कंटेनरच्या गाड्यांमागे अडकून वडे गार होतात, तेही नको. पाठवायचंच असेल, तर नाक्यावरच्या बेकरीतली खारी पाठवा, ताजी, आणि दोन माणसांपुरती, शेजारीण येते चहाला.