जिवंत माणसाचं सुतक

यातलं निम्मं माझ्या बायकोला माहीत आहे. उरलेलं निम्मं तिलाही नाही. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं — ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, देवापुढे उभा राहिलो तरी तेवढा भाग गाळूनच हात जोडतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसांना खरं सांगायची हिंमत असती तर ही वेळच आली नसती.

मी जानेफळला मोटार रिवायंडिंगचं काम करतो. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, जळकी तार काढायची, नवी भरायची. उन्हाळ्यात जेवायला फुरसत नसते आणि पावसाळ्यात माशा मारत बसायचं — आभाळातून पाणी पडत असताना मोटार कोण लावतं? आणि माझी मुलगी जन्मली श्रावणात. नावही श्रावणीच ठेवलं. म्हणजे तिचा वाढदिवस दरवर्षी नेमका माझा खिसा रिकामा असतानाच येतो. हे मी लोकांना हसत सांगतो. हसत सांगितलं की लोक पुढचं विचारत नाहीत.

पण आधी काकूबद्दल सांगायला हवं.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. मी चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून सोनाळ्याच्या घरात मला तिनंच वाढवलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. माझ्या शाळेच्या डब्यात ती भाकरीला लोणी लावून वर भाकरीचाच दुसरा तुकडा ठेवायची, कुणाची नजर लागू नये म्हणून. काका गेले, मग वडील गेले, आणि मी कामापायी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला येऊन भाड्यानं राहिलो. ती तिकडेच राहिली, एकटी. शेजारच्या नसीमाबी तिच्याकडे बघायच्या. रोज संध्याकाळी बायकोच्या फोनवर तिचा फोन यायचा आणि मला दोन वाक्यांत उरकून ती म्हणायची, “आता लेकीले दे फोन.” मग त्या दोघींचं अर्धा अर्धा तास चालायचं. श्रावणी तिला काकूआजी म्हणायची.

आता वाढदिवसाकडे येतो. टाळतोय, हे मलाही कळतंय.

श्रावणी सहाव्या वर्षात होती त्या उन्हाळ्यात आमच्या घरमालकीणबाईंच्या, सुमनमावशींच्या, नातवाचा वाढदिवस झाला. गच्चीवर फुग्यांची कमान, केकवर नातवाचा फोटो छापलेला, आणि निघताना प्रत्येक पोराच्या हातात एकेक कंपासपेटी. आमची श्रावणीबाई ते सगळं डोळे फाडून बघून आली आणि श्रावण लागताच गल्लीतल्या घराघरांत जाऊन आमंत्रण देऊन मोकळी झाली. “माह्या बड्डेले या. माह्या पप्पानं मोठ्ठा केक सांगितला हाय.” मी सांगितला होता का केक? नव्हता. पण तिनं विचारलं तेव्हा हो म्हणालो होतो. मला पोरीपुढे लहान व्हायला आवडत नाही. गल्लीपुढे तर अजिबातच नाही.

माझी बायको रेखा या बाबतीत माझ्याहून शहाणी. ती शिवणकाम करते. तिनं सगळं बसवलं होतं — अर्धा किलोचा केक, घरी तळलेला मक्याचा चिवडा, लिंबाचं सरबत, फुगे आपणच फुगवायचे. आणि ब्लाऊजांच्या उरलेल्या कापडातून तिनं पोरांसाठी इवल्या इवल्या बटव्यांसारख्या पिशव्या शिवल्या होत्या, आत दोन चॉकलेटं घालायची. काय वाईट होतं त्यात? पोरं खूश झाली असती. पैसे नव्हते म्हणून मी खोटं बोललो, असं मी कितीतरी दिवस स्वतःला समजावत आलो. ते धडधडीत खोटं आहे. पुरेल एवढं होतं. पुरत नव्हती ती माझी ऐट.

आदल्या दिवशी सकाळी मी नळावर पाणी भरत होतो. सुमनमावशी जिन्यावरून म्हणाल्या, “भाऊ, आमच्या सूनबाईच्या माहेरचे पाव्हणे येऊन राह्यले नागपूरहून. तुमच्या पोट्टीनं त्याहिले बी आवतन देऊन टाकलं. चालन न?”

नागपूरचे पाहुणे. माझ्या डोळ्यांपुढे तो अर्धा किलोचा केक आला, आणि त्याच्याभोवती उभी राहिलेली ती सगळी चांगल्या कपड्यांतली माणसं. तोंडातून निघून गेलं — “बड्डे नाही होत मावशी. काकू गेली माही. राती फोन आला. सुतक पडलं.”

असं. बादली भरून वाहत होती आणि मी बोलून बसलो होतो.

काकूच का? मी पुष्कळदा विचार केलाय. सुतक लागायचं तर माणूस भाऊबंदातलंच हवं, आणि भाऊबंदात ज्याचं नाव घेतल्यावर लोकांना माझा चेहरा खरा वाटेल असं एकच माणूस होतं. तिच्यावर माझी माया होती म्हणूनच ती कामाला आली.

सुमनमावशी धावतच खाली आल्या. “अरे बाप्पा! तिनंच तं वाढवलं तुले!” त्यांचे डोळे भरून आले आणि ते बघून माझेही भरले — हो, खरेच भरले. त्यांनी गल्लीत सांगितलं. दहा मिनिटांत चार माणसं दारात. आणि एकजण म्हणाला, मातीला जायची गाडी किती वाजता आहे?

म्हणजे आता जायला हवं होतं. रेखा दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं, कारण रात्री कुणाचाच फोन आला नव्हता. मी पिशवी घेऊन एसटीत बसलो आणि मेहकरला उतरून स्टँडवर दिवसभर बसून राहिलो. दुपारी लक्षात आलं की आईच्या जागी असलेल्या बाईच्या मातीहून परतलेला माणूस डोक्यावर केस घेऊन कसा येईल? स्टँडजवळच्या सलूनमध्ये गेलो. न्हाव्यानं विचारलं, कोण वारलं? मी म्हणालो, काकू. त्यानं वस्तरा फिरवला आणि पैसे घेतले नाहीत.

त्याच वेळी खिशात फोन वाजला. काकू. “उद्या लेकीचा बड्डे हाय न बे? औक्षण कराले इसरू नको. सकाळी मले लावजो फोन, मी बोलतो तिच्यासंग.” मी हो म्हणालो. डोक्याला गार वारा लागत होता.

वाढदिवसाच्या दिवशी आमची चूल पेटली नाही. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी जेवण आणलं — सुमनमावशींनी स्वतः पिठलं-भाकरी आणून वाढली, आणि त्यांचे नागपूरचे पाहुणेही भेटायला येऊन खाली सतरंजीवर बसले. साधी, चांगली माणसं होती हो ती. अर्धा किलोचा केक त्यांनी गोड मानून खाल्ला असता. श्रावणी नवा फ्रॉक न घालता कोपऱ्यात बसून भाकरी कुस्करत होती. तिनं एकच विचारलं, “काकूआजी माह्या बड्डेलेच काऊन मेली?” याचं उत्तर एकट्या माझ्याकडे होतं.

तिला खरं सांगता आलं नसतं का? सहा वर्षांचं पोर, संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं असतं. म्हणून तिलाही रडू दिलं. पुढे एक दिवस तिनंच आमच्या लग्नाच्या अल्बममधून काकूचा फोटो काढला, सुमनमावशींनी त्याला चौकट करून आणली, वर चंदनाचा हार घातला, आणि तो आमच्या भिंतीवर लागला. तिकडे सोनाळ्याला काकू ओसरीत बसून तांदूळ निवडत होती.

आता पुढचं. रेखाला माहीत नसलेलं ते हेच.

काकूला मी सांगितलं की रेखाचा फोन बिघडलाय, माझ्याच फोनवर बोलत जा, तेही दुपारी, दुकानात असतो तेव्हा. तिचा नंबर मी ‘सोनाळा मोटार’ या नावानं ठेवला. चुकून घरी वाजला तर श्रावणी फोन आणून द्यायची — “पप्पा, सोनाळा मोटारचा फोन हाय.” मी बाहेर जाऊन बोलायचो. पलीकडून काकू विचारायची, लेक कुठं हाय? शाळेत. झोपली. ट्यूशनला गेली. असं चार वर्षं. चार वर्षं एखादं पोर सारखं झोपलेलं असतं का? काकू खुळी नव्हती. पुढे पुढे तिनं विचारणं सोडलं.

मी दोन-तीन महिन्यांनी एकटाच जाऊन यायचो. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, मग कंबर धरली. आणि तिनं मला तीनदा विचारलं. पहिल्यांदा हसत — “मले ने न बे तुह्याकडं, तुह्या बायकोले तेवढाच हातभार.” दुसऱ्यांदा नुसतंच, “कवा नेतो?” मी म्हणालो, घर लहान आहे, दिवाळीनंतर बघू. घरी रेखाला सांगितलं की काकूला तिकडेच करमतं, यायला तयारच नाही. रेखानं विश्वास ठेवला. तिला वाटलं, म्हातारी माणसं गाव सोडत नाहीत.

कसं आणणार होतो मी तिला? भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो. वरच्या मजल्यावर सुमनमावशी, ज्यांनी तिच्या नावानं मला पिठलं वाढलं होतं. एक दिवस जिना चढून सांगायचं होतं — मावशी, मी खोटं बोललो. त्या रागावल्या असत्या. आठ दिवस बोलल्या नसत्या. एवढंच झालं असतं ना? तेवढ्यासाठी मी माझ्या म्हातारीला चार वर्षं मेलेलीच ठेवली.

तिसऱ्यांदा तिनं विचारलं ते यंदाच्या आखाडात. फोनवर. म्हणाली, “मी कोनाच्या अडचणीत नाही येनार. लेकीले पाह्यचं हाय, मंग वापस आनून सोडजो.” मी म्हणालो, पाऊस थांबू दे.

श्रावणीच्या दहाव्या वाढदिवसाला चार दिवस उरले होते. यंदा रेखाच्या शिलाईचं बरं चाललं होतं, सुमनमावशींनी आपणहून गच्ची दिली होती, केक सांगून झाला होता — खरंच मोठा. पोरीच्या आयुष्यातली पहिली पार्टी, कारण मधली वर्षं ती स्वतःच नको म्हणायची. सकाळी दुकानात फोन वाजला. सोनाळा मोटार. पलीकडे नसीमाबी होत्या. “भाऊ, काकू गेली. चाय घेऊन गेली मी तं उठलीच नाही.”

या वेळी खरोखर गेलो. ‘एका गिऱ्हाइकाची मोटार आहे’ असं घरी सांगून. तिच्या दाराशी खुंटीला वायरची पिशवी भरून टांगलेली होती, आत दोन लुगडी आणि औषधाची बाटली. नसीमाबी म्हणाल्या की पंधरा दिवसांपासून तशीच आहे, पाऊस थांबायची वाट बघत होती.

स्मशानात न्हावी आला. भाऊबंदातले म्हातारे म्हणाले, “बस बे खाली, तूच तं तिचा पोरगा.” आणि मी — मी म्हणालो की डोक्याला गळू झालंय, डॉक्टरनं वस्तरा लावू नको म्हटलंय. टक्कल घेऊन जानेफळला काय सांगणार होतो? चुलतभाऊ बसला. त्यानं अग्नी दिला. तो तिच्याशी कधी धड बोललाही नव्हता. ती जिवंत असताना तिच्या नावानं डोकं केलं होतं मी. ती मेली तेव्हा भांग पाडलेले केस घेऊन चितेपाशी उभा होतो.

रात्री रेखाला सांगितलं. ती तोंडात पदर कोंबून रडली आणि म्हणाली, वाढदिवस राहू द्या आता. मी म्हणालो, कोण मेलं म्हणून सांगू?

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि श्रावणीचा नवा फ्रॉक इस्त्रीला काढला.

पाचव्या दिवशी, खऱ्या सुतकात, पार्टी झाली. फुग्यांची कमान मीच बांधली. गल्ली आली, पोरं नाचली, सगळे म्हणाले की या वेळी मजा आली. केक कापल्यावर श्रावणीनं पहिला तुकडा कुणालाच भरवला नाही. बशीत घेऊन ती खाली घरात गेली, मी मागोमाग. तिनं बशी फोटोपुढे ठेवली, हात जोडले. हार चार वर्षांपूर्वीचाच होता, धूळ बसलेला.

“पप्पा,” ती म्हणाली, “काकूआजी जिती असती तं आज आली असती न?”

मी हो म्हणालो. मग तिनं त्याच बशीतला केक मला भरवला, आणि मी खाल्ला.