पडणारा टीव्ही झेलू नये

माझा मामा लोकांचे टीव्ही आणि व्हिडिओ दुरुस्त करायचा आणि ते करता करता लोकांचा पाणउतारा करायचा. दोन्ही कामांत त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. ताठ उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून सगळा कारभार स्टुलावर बसून. उघड्या टीव्हीत मामा उजवा हात घालायचा, तेव्हा डावा कायम पँटच्या खिशात. गिऱ्हाइकांना वाटायचं, साहेब तोऱ्यात आहेत. कारण साधं होतं. दोन्ही हात आत असताना झटका बसला, तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताला जाते.

"बटण बंद केलं, पिन काढली, तरी पिक्चर ट्यूबमध्ये वीज दबा धरून बसते," मामा सांगायचा. "माझ्या सासऱ्यासारखी. गप्प आहे म्हणून झोपली समजायचं नाही."

लोकांनी त्याचं नाव 'एकहाती' ठेवलं होतं. कॅसेटच्या खाचेत लोक काय काय घालतात याची त्याच्याकडे मोठी यादी होती. त्याने व्हिडिओतून बिस्किटं काढली होती, खेळण्यातल्या गाडीची चाकं काढली होती आणि एका घरी तर आजोबांची वरची कवळी. आजोबा महिनाभर सुनेवर संशय घेत होते.

एकदा वाचनालयातल्या बाईंनी त्याला घरी बोलावलं. टीव्ही मधेच बंद पडायचा. वरच्या जाळीवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर पाण्याने भरलेली फुलदाणी. मामा दारातच थांबला.

"बाई, हा टीव्ही आहे की समाधी?"

"म्हणजे?"

"रुमालाने त्याचं नाक दाबलंय, म्हणून तापून बंद पडतो. आणि हे पाणी आत सांडलं, तर हीच फुलं तुमच्या फोटोपुढे ठेवावी लागतील."

"माझ्याशी आजवर कुणी असं बोललं नाही."

"म्हणूनच फुलदाणी अजून तिथे आहे."

बाईंनी चहा दिला. रुमाल काढला. फुलदाणी मात्र काढली नाही.

मामाचे नियम पक्के होते. वायर पायात येऊ द्यायची नाही. जड टीव्ही उंचावर ठेवायचा नाही, ठेवलाच तर भिंतीला पट्ट्याने बांधायचा. आणि तो पडायलाच लागला तर झेलायला जायचं नाही. "टीव्ही दुसरा मिळतो, मान दुसरी मिळत नाही."

आता मामाच्या घरी काय होतं ते सांगते. एकोणतीस इंची धूड. कुणा गिऱ्हाइकाने टाकून दिलेलं मामाने जिवंत केलं आणि ड्रॉवरच्या कपाटावर तात्पुरतं ठेवलं. तात्पुरतं म्हणजे चार वर्षं. मामी शाळेच्या ऑफिसात कारकून होती, कागद पुढे सरकवून घ्यायची सवय होती तिला, पण नवऱ्यापुढे तिनेही हात टेकले होते.

"अहो, टीव्ही भिंतीला कधी बांधताय?"

"रविवारी."

"कुठल्या सालातल्या?"

एका दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. मामा पानावर, समोर बातम्या चालू. मामीला कात्री हवी होती. तिने वरचा ड्रॉवर ओढला, नाही. मधला ओढला, नाही. ते तसेच उघडे ठेवून ती खालच्यासाठी वाकली. तो जुन्या फायलींनी ठासून भरलेला. तिने जोर लावला आणि कपाट पुढे झुकलं, अगदी सावकाश, कुणाच्या तरी पाया पडावं तसं. टीव्ही सरकला.

"बाजूला हो!" मामा ओरडला आणि भरल्या हाताने त्या टीव्हीखाली घुसला.

मामी कोलमडत बाजूला झाली. टीव्ही मामाच्या डाव्या हातावर आदळला, तिथून पायावर, आणि काच वर करून अंगठा दाबूनच जमिनीवर बसला. कपाट तिरकं होऊन जेवणाच्या टेबलावर अडकलं. वृत्तनिवेदिका छताकडे बघत सांगत होती की उद्या हवामान कोरडं राहील.

मामा कळवळला, "हा धोंडा उचल आधी!"

"तुम्हीच शिकवलंय, आधी पिन," मामी म्हणाली. भिंतीवरचं बटण बंद करून तिने पिन काढली आणि मगच आम्ही दोघींनी तो टीव्ही ढकलला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?"

"जिन्यावरून पडलो," मामा म्हणाला.

"जिना एकोणतीस इंची होता," मामी म्हणाली.

डावा हात दोन ठिकाणी मोडला होता, पायाचा अंगठाही. प्लास्टर घालणाऱ्या माणसाचा टीव्ही मामानेच दुरुस्त केलेला. तो इतका हसला की पट्टी वाकडी गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. सहा आठवडे दुकान बंद. समाचाराला येणारा प्रत्येक जण आधी टीव्ही बघायचा, मग मामाला. मामा भिंतीकडे तोंड करून पडायचा.

वाचनालयातल्या बाईही आल्या. खुर्ची ओढून बसल्या.

"फुलदाणी मी अजून काढलेली नाही," त्या म्हणाल्या. "खरंच काढायला हवी का? की तुमचं ते नुसतं बोलणं होतं?"

मी कान टवकारले, आता काहीतरी झणझणीत येणार. मामाने भिंतीकडचं तोंड बाईंकडे वळवलं.

"काढा," तो म्हणाला. "मला सगळं माहीत होतं आणि चार वर्षं मी एक पट्टा लावला नाही. आळस, दुसरं काही नाही. ही खाली वाकली होती. तिचं डोकं कुठे होतं ते मला रोज दिसतं."

बाईंनी मान हलवली. स्वयंपाकघरात मामीच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

त्या रविवारी मी आणि मामीने कपाट भिंतीला जखडलं आणि टीव्ही बुटक्या टेबलावर आणला. मामा पलंगावरून हुकूम सोडत होता. पहिलं भोक इतकं चुकलं की पलीकडच्या शेजाऱ्याने भिंत ठोकून तब्येतीची चौकशी केली.

प्लास्टर निघाल्यावर मामा जुन्या गिऱ्हाइकांकडे पट्टे घेऊन फिरला. प्रत्येक घरी आधी स्वतःची फजिती सांगायचा, मामीच्या एकोणतीस इंची जिन्यासकट. एक निवृत्त फौजदार म्हणाले, "तुमचा पडला म्हणून आमचाही पडेल असं थोडंच आहे?"

मामाने वाकडं मनगट पुढे केलं. "अगदी हेच वाक्य, साहेब. मी रोज म्हणायचो. पट्टा उजवीकडून लावू की डावीकडून?"

पुढे पातळ टीव्ही आले, व्हिडिओ माळ्यावर गेले आणि दुरुस्तीचं काम आटलं. मामा भिंतीवर टीव्ही बसवून द्यायला लागला. अकरा वर्षं त्याने तेच केलं, पाणउताऱ्यासकट, कारण सवय ती सवय. त्याने बसवलेला एकही टीव्ही पडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. एकदा एक भिंत पडली, पण ती बांधणाऱ्याची चूक, असं मामाचं म्हणणं आहे.