इवायांची डबल बेल

आमचे इवाई, म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, कधी गप बसले होते असं सांगणारा माणूस अख्ख्या घनसावंगी तालुक्यात सापडायचा नाही. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते. नोकरी सुटली, कंडक्टरकी सुटली नाही. जांब समर्थच्या देवळात रांगेला उभे राहिले की लगेच, "पुढं सरका, पुढं लई जागा हाय!" जेवण झालं की ताटाच्या कडेवर दोनदा टकटक. ही डबल बेल, उठा आता. माझ्या लेकीच्या लग्नात त्यांनी मांडवाच्या खांबावर अशी बेल दिली की भटजींनी दचकून उरलेली मंगलाष्टकं एका दमात उरकली. दर बाजाराला ते आमच्याकडं कुंभार पिंपळगावला यायचे आणि पाचच्या गाडीनं परत जायचे. कपात चहा राहिला तर राहिला, गाडी कधी चुकवली नाही.

आमची नात वंदू माझ्याकडं राहून शिकायची, कारण त्यांच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. लहानपणी ताप आल्ता, तेव्हापासून तिला ऐकू फार कमी यायचं. समोरच्याचे ओठ बघून ती सगळं समजून घ्यायची. कुठं अडलं की माझी बायको तिच्या वतीनं बोलायची, शाळेत, दुकानात, पाहुण्यारावळ्यांत. वंदू नववीत गेली त्याच साली बायको गेली. पोरगी काही मुकी नव्हती, पण तिचं बोलणंच बंद झालं. माझंही झालं. सहामाहीत ती गणितात नापास झाली. सरांनी मला बोलावून सांगितलं, "हिला घरीच ठेवा, शिवणकाम शिकवा." मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. बरं म्हणून उठून आलो.

हे ऐकून इवाई माझ्यावरच उखडले. "पाव्हणं, तीस वर्षं बघितलंय म्या. जो पाशिंजर आपल्या गावाचं नाव घेत न्हाई, त्याला गाडी पुढच्या गावाला घेऊन जाती. आता ह्या पोरीचं गाव कोन सांगनार? तुमची मंडळी यीनार हाय का वरून?" बोलणं लागलं. पण खोटं नव्हतं.

त्या दिवसापासून इवायांची शिकवणी सुरू. आधी वंदूसमोर बसून नियम समजावला. मग बाजारातून आणलेली पावशेर जिलेबी मांडीवर ठेवायची, तिच्याकडं पाठ करून ओट्यावर बसायचं आणि भिंतीला काहीबाही सांगत राहायचं. काय पाहिजे आणि का पाहिजे, हे तिनं पूर्ण बोलल्याशिवाय वळायचं नाही. पहिल्या बाजाराला वंदू बोललीच नाही. इवायांनी भिंतीशी गप्पा मारत सगळी जिलेबी संपवली आणि रडकुंडीला येऊन मला म्हणाले, "पाव्हणं, घशाखाली उतरत नव्हती हो." दुसऱ्या बाजाराला ती चिडून "आजोबा!" एवढंच म्हणाली. ते अर्धेच वळले, एक जिलेबी दिली, पुन्हा भिंतीकडं तोंड. चौथ्या बाजाराला मात्र ती ओरडलीच, "आजोबा, इकडं तोंड करून बोला! ओठ दिसल्याबिगर मला कळत न्हाई!" सगळा पुडा तिच्या हातात.

मग आम्ही तिघं शाळेत गेलो. वाटेत इवायांची मला ताकीद, "तिथं तुम्ही बिलकुल तोंड उघडायचं न्हाई." सरांनी आम्हा दोघांकडं बघून विचारलं, "काय अडचण आहे मुलीची?" इवाई वरच्या पंख्याकडं बघत म्हणाले, "तिला इचारा." वंदू वेणीचं टोक पिळत उभी. शेवटी मला राहवेना, मी "सर, ती काय हाय" म्हणतोय तोवर इवायांनी वहाणेसकट माझ्या पायावर पाय दिला. माझं बोलणं तिथंच कळवळलं.

आणि वंदू बोलली. "सर, तुम्ही फळ्याकडं तोंड करून शिकवता. मला तुमचे ओठ दिसत न्हाईत. लिहून झालं की इकडं वळून सांगा. आन मला पहिल्या बाकावर बसू द्या. मला शाळा सोडायची न्हाई."

सर कपाटातून हजेरी काढायला वळले आणि तिकडंच पुटपुटले, "बरं बरं, बघू."

"सर, आता काय म्हणलात? कपाटाशी बोललात."

सर हजेरी तशीच ठेवून वळले. तिच्याकडं बघून एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "उद्यापासून पहिल्या बाकावर बस. मी वळून सांगेन. विसरलो तर हात वर कर." इवायांनी दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक केलं.

घरी आल्यावर वंदू वही घेऊन ओट्यावर बसली. पावणेपाचला इवायांनी पिशवी उचलली. एवढीशी पोरगी बोलून गेली, आणि मी म्हातारा इतके महिने दर बाजाराला त्यांना नुसतं "बरं, या" म्हणून घालवत होतो. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "इवाई, आज राहा. मंडळी गेल्यापासून दिवेलागणीला मला घरात बसवत न्हाई."

इवायांनी पिशवी खुंटीला अडकवली आणि माझ्याशेजारी बसले. पाचची गाडी कोपऱ्यावरून गेली, ती आम्ही दोघांनी गप बसून ऐकली.

आता इवाईही नाहीत. वंदू जालन्याला नोकरी करते. पाचची गाडी अजून आहे. निघताना तिची बेल दोनदा वाजते, आणि मी उगीच खुंटीकडं बघतो.