अर्जातलं नाव

जुन्या जालन्यात कचेरीबाहेर लिंबाखाली सतरंजी टाकून मी लोकांचे उर्दू अर्ज लिहून द्यायचो. चार ओळी हुजूरांच्या किताबांच्या, चार जहागीरदारांच्या, आणि जागा उरलीच तर माणसाचं गाऱ्हाणं. मला त्याचं हसू यायचं. थोरली बहीण पांढऱ्या कपाळानं समोर येऊन बसली, त्या दिवशी मात्र हसू आलं नाही.

ती केदारखेड्यापलीकडे, जहागिरीच्या गावात दिलेली. दाजी ज्वारीत पाखरं राखत होते. शिकारीला आलेल्या जहागीरदारांनी हरणावर बंदूक झाडली, गोळी दाजींना लागली. जहागीरदारांनी प्रेतावर घालायला कापड धाडलं आणि हरीण निसटलं म्हणून चरफडत परत गेले.

"मला कायबी नको," अक्का म्हणाली. "त्यानं मारलं येवढं लिव्ह. नावासकट लिव्ह."

मी लिहिलं, नावासकट. कचेरीत अर्ज घेणाऱ्या पेशकारानं कागदाला हातसुद्धा लावला नाही.

"मुन्शीजी, येडे झाले का? त्यांच्यावर दावा लावायचा तर वरून इजाजत लागती. आन् त्या इजाजतीचा अर्ज त्यांच्याच कचेरीतून जातो."

म्हणजे चोराची परवानगी काढून चोरीची फिर्याद द्यायची! रागानं अंग पेटलं, पण करतो काय? मी घाबरलो, सरळच सांगतो. माझी सतरंजी त्याच कचेरीच्या मेहेरबानीवर अंथरलेली. दुसरा अर्ज लिहिला: 'शेतात काम करत असता गोळी लागून मयत झाले.' गोळी कुणाची, ते लिहिलंच नाही.

अंगठा घेण्याआधी अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायचा, ही आमच्या धंद्याची रीत. मी वाचायला लागलो. अक्काची नजर माझ्या ओठांवर. गोळीपाशी आलो आणि जहागीरदारांचं नाव, सगळ्या किताबांसकट, पदरचं घालून वाचलं.

तिचा चेहरा निवला. अर्जावर आणि नकलेवर तिनं अंगठा असा दाबला की कागदाला वळ उमटला. पेशकारानं तो अर्ज लगेच घेतला.

उत्तर आलं नाही. येणार तरी कशाचं? नक्कल ती पत्र्याच्या डबीत ठेवायची. दर दिवाळीला माहेरी आली की डबी माझ्यापुढं सरकवायची. "वाच." मी वाचायचो. ही बाई एवढ्यावर जगत होती आणि मी दरवर्षी तिला फसवत होतो.

मग हुजूरांचं राज्य गेलं. कचेरीसमोर लोक पेढे वाटत होते. दुसऱ्याच आठवड्यात अक्का डबी घेऊन हजर.

"आता त्याला कोन वाचवतो? नवे सायब आलेत म्हणं. दे त्यांला ह्यो कागद."

शाई फिकी पडली होती. अंगठा तेवढा ठसठशीत.

"अक्का, आपण नवा अर्ज लिहू," मी म्हणालो.

"नवा कामून? आता तर कुनीबी नाव घेईल. आपन तवाच घेतल्तं, तो गादीवर व्हता तवा. हे कळू दे न त्यांला." ती सतरंजीवर ऐसपैस बसली. शेजारी दोघं-तिघं थांबले होते, त्यांनाही तिनं बसवलं. "माझा भाऊ भ्याला न्हाई, आयका. वाच रे."

मी वाचलं, नावासकट.